पासबुकात चोरी पकडणाऱ्या ताईंचं नाव सायबर सुरक्षेच्या पुरस्काराला पाठवावं का?

पांढरं सोनं (धागा यांचा)

मंडळी, तुमचं मत हवंय. मी यवतमाळ जिल्ह्यात एका बँकेच्या खेड्यातल्या शाखेत आहे. आमच्याकडे एक ताई कंत्राटी ऑपरेटर आहेत. गेल्या उन्हाळ्यात पासबुक छापताना त्यांना दिसलं, की निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे पैसे येणाऱ्या काही म्हाताऱ्यांच्या खात्यातून एकाच दिवशी, दोन-तीन मिनिटांच्या फरकानं, दोनदा रक्कम निघाली आहे. एका आजीला विचारलं तर ती म्हणाली, "मशीन अंगठा घेत नोती, पोरगा म्हने पुन्हा लाव." पैसे पहिल्याच अंगठ्याला निघाले होते. दुसऱ्या अंगठ्याचे त्या पोरानं ठेवून घेतले.

ताईंनी वही केली. खातं, तारीख, वेळ, अंगठा घेऊन पैसे काढून देणाऱ्या कोणत्या केंद्राचं मशीन. अकरा म्हाताऱ्या निघाल्या आणि केंद्र एकच. मग साहेबांना सांगितलं, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावला, ठाण्यात तक्रार दिली. आता ते केंद्र बंद आहे.

आयटी कंपन्यांची संघटना नॅसकॉमनं २००८ मध्ये उभी केलेली डेटा सिक्युरिटी कौन्सिल ऑफ इंडिया दरवर्षी या क्षेत्रातले पुरस्कार देते, इतरही संस्था देतात. त्यांपैकी कुठंतरी ताईंचं नाव जावं असं मला मनापासून वाटतं. नावं सुचवणारे बहुतेक शहरातले, म्हणून नावंही शहरातलीच जातात. आपण लिहिलं नाही तर कोण लिहिणार?

रात्रपाळी

मी मूळचा पुसदचा. पुण्यात सुरक्षा निरीक्षणाचं काम करतो, रात्रभर स्क्रीनवर इशारे तपासतो. ताईंबद्दल आदर आहे, पण माझा विरोध आहे. ही फसवणूक आहे, सायबर सुरक्षा नव्हे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला, ९४ कोटींच्या आसपास रक्कम गेली. मालवेअरनं, म्हणजे घातक सॉफ्टवेअरनं, एटीएमची मंजुरी देणाऱ्या यंत्रणेलाच बगल दिली आणि देशोदेशींच्या एटीएममधून पैसे काढले. असं रोखायला वर्षानुवर्षांचा अभ्यास लागतो. त्याच रांगेत पासबुकाची वही ठेवली तर या पेशाची मोजपट्टीच राहणार नाही. ताईंचा सत्कार ग्रामसभेत करा, बँकेनं करावा. तो योग्य मान आहे.

पांढरं सोनं

दादा, तुमच्या कामाला कमी लेखत नाही. पण तुम्ही रात्री काय शोधता? नेहमीपेक्षा वेगळी दिसणारी नोंद. ताईंनी तेच केलं, फक्त त्यांच्याकडे इशारा देणारं सॉफ्टवेअर नव्हतं. आधारच्या व्यवहारात अंगठा हाच पासवर्ड. इथं अंगठा खरा होता, पण आजीला माहीतच नव्हतं की तो दुसऱ्यांदा कशासाठी लागतोय. यंत्रणेच्या दृष्टीनं व्यवहार अगदी स्वच्छ. हे तुमच्या स्क्रीनवर कधी लाल झालं असतं का?

रात्रपाळी

नसतं झालं. एवढं मान्य.

संत्र्याची बाग

मी वरूडकडची, मलाही नाव पाठवणं पटत नाही, पण कारण वेगळं. शहरात पुरस्काराचा फोटो लिंक्डइनवर जातो, आपल्याकडे चौकातल्या फ्लेक्सवर. केंद्रवाला त्याच पंचक्रोशीतला असणार, त्याचे भाऊबंद रोज बसस्टँडवर दिसणार. ताई संध्याकाळी एकट्या घरी जातात का, हे आधी बघा. माझ्या ओळखीतल्या एका बाईचं नाव न विचारता असंच एका पुरस्काराला दिलं होतं. कौतुक दोन दिवस टिकलं, वरिष्ठांची अढी वर्षभर. भाऊ, तुम्ही त्यांना विचारलंय का? धाग्यात कुठंच दिसलं नाही.

कोरडवाहू

पह्यले पगार सांगा ना भाऊ. दर अकरा महिन्यांनी जिचा करार संपते, तिले ट्रॉफी काय कामाची? त्या ट्रॉफीनं किराणा भरते का? मी सांगून राहिलो, साहेबाले अर्ज द्या का तिले कायम करा. थे काम कोनी करत नाही, पुरस्काराचं मात्र सारेच बोलतेत.

जुनी वही

कोरडवाहू भाऊ, दोन्ही करावं. लेखी शिफारस फाइलीत राहते आणि करार वाढवायच्या वेळी तीच दाखवता येते. म्हणून माझं मत पाठवा असं आहे, पण नीट लिहा. मी अशा शिफारशी वाचल्या आहेत. "कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, संस्थेची शान" अशा शब्दांनी पान भरतं आणि परीक्षकाला काम दिसतच नाही. सुरक्षेच्या कामाचा हाच घोळ आहे, काम चांगलं झालं की काहीच घडत नाही. म्हणून काय घडलं असतं ते लिहा. पुढच्या महिन्याच्या अनुदानाला तोच पोरगा पुन्हा बसला असता, हे लिहा. वहीतली पहिली नोंद आणि तक्रार यांत किती दिवस गेले ते लिहा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संस्थांना ठरावीक सायबर घटना सहा तासांत कळवाव्या लागतात, म्हणजे वेळेला किती किंमत आहे हे परीक्षकांना ठाऊक असतं.

खाते क्रमांक, आज्यांची नावं, गावाचं नाव काहीही द्यायचं नाही. तपास चालू असेल तर पोलिसांना विचारल्याशिवाय केंद्राबद्दल अक्षरही नको. आणि ट्रॉफीसाठी "पॅकेज" घ्या म्हणून आयोजकाचा फोन आला, तर तिथंच थांबा.

पांढरं सोनं

संत्र्याची बाग ताई, तुम्ही बरोबर बोललात. मी विचारलं नव्हतं. आज डबा खाताना विचारलं. पाच मिनिटं त्या काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, फ्लेक्स लागणार नसेल आणि गावाचं नाव येणार नसेल तर पाठवा. पण आमच्या शिपाई काकांचं नाव सोबत पाहिजे. अकराही म्हाताऱ्यांच्या घरी तेच ताईंना मोटरसायकलवर घेऊन गेले होते, भर मे महिन्यात, आणि घरच्यांची समजूतही त्यांनीच काढली.

म्हणून आता चमूच्या गटात अर्ज करतोय. साहेब सही द्यायला तयार आहेत, पण हुद्द्याच्या रकान्यात "कंत्राटी" लिहू नका म्हणतात, शाखेचं बरं दिसत नाही म्हणे. मी लिहिणार आहे.