या महिन्यात काय लिहिलं, काय वाचलं?

दिवाळी अंकांचे गठ्ठे घरोघरी सुटलेत. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीत लिहिणाऱ्यांचं वर्ष या दिवसांभोवती फिरतं. मजकूर पावसाळ्यात मागितला जातो, गणपतीच्या आसपास हातावेगळा होतो आणि छापलेला बघायला मिळतो तो आत्ता. मानधनाची वाट त्यानंतरही पाहावी लागते. म्हणूनच मुद्दाम हा महिना निवडला. नोकरी नाही, लेखनावरच घर चालतं, अशा सगळ्यांनी सांगा: काय लिहिलं, काय वाचलं, आणि वाचलेलं कामात कुठे उतरलं? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आपलं बिल शब्दांवर निघतं. वाचनाचे तास त्यात कुठेच धरले जात नाहीत, आणि लेख उभा राहतो तो त्या तासांवरच.

सुरुवात माझ्यापासून. एका अंकासाठी एसटीच्या वाहकांवर लेख केला. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर पहिली गाडी सुटली, हे बहुतेकांना ठाऊक असतं. मला गाडीपेक्षा तिकीट फाडणारा हात पाहायचा होता. एका निवृत्त वाहकांनी जुनी तिकीटपेटी काढून दाखवली. खणाखणांत वेगवेगळ्या किमतीचे गठ्ठे, अंगठ्याने वरचं तिकीट सरकवायचं, चिमट्याने टोचायचं, आणि तेवढ्यात पुढच्या प्रवाशाचं गाव ऐकून टप्पे मोजायचे. सहा किलोमीटरचा एक टप्पा, सगळा हिशेब तोंडी. वाचायला घेतलं होतं 1884 चं अहमदनगर जिल्ह्याचं गॅझेटिअर, त्यातला रस्त्यांचा भाग. लेखात त्यातलं एकच वाक्य आलं, पण कुठल्या गावाला रस्ता आधी पोचला हे कळल्यामुळे वाहकांना काय विचारायचं ते सुचलं.

नाशिकहून, अनुवादक

मी आरोग्यविषयक माहितीपत्रकांचे अनुवाद करते. दर शब्दामागे ठरलेला, मुदत नेहमीच उद्याची. या महिन्यात बाळंतिणींसाठीची एक मालिका झाली. त्याच काळात रोज सकाळी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचत होते. 1934 ते 1936 मध्ये चार भागांत आलेलं पुस्तक, आणि लक्ष्मीबाई आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या जलालपूरच्या, त्यामुळे जरा जास्तच जवळच्या. त्यांची वाक्यं बघा: समोर बसून सांगितल्यासारखी, एका दमात म्हणता येतील एवढी. मी माझा मसुदा सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवते. ज्या वाक्याला त्या “परत म्हण” म्हणतात, ते मोडून पुन्हा लिहिते. या वेळी एकदाच थांबवलं त्यांनी. पैसे अनुवादाचे मिळाले, पण मला विचाराल तर निम्मी मेहनत त्या सकाळच्या वाचनाची होती.

मुंबईहून, श्राव्य मालिकांसाठी संहिता लिहिणारा

माझं या महिन्याचं वाचन रुक्ष वाटेल. कॉपीराइट कायदा, 1957. एका निर्मिती कंपनीने नवा करार पाठवला, त्यात हक्क किती वर्षांसाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी, या दोन्ही जागा कोऱ्या. आधी वाटलं, कोरं म्हणजे सगळंच गेलं. मग कलम 19 नीट वाचलं. मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठीच दिले असं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतेच. हे कळल्यावर फोनवर बोलताना आवाजच बदलला माझा. दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहून घेतल्या, मुदत तीन वर्षांवर आणली. मित्रांनो, करारावर सही करण्याआधी हे एक कलम तरी वाचा, फार मोठं नाही. आपल्यातले कितीतरी जण ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ या ओळीखाली डोळे मिटून सही करतात. ती ओळ लिहिलेली असली तर मात्र ती लागू होते, म्हणून सहीच्या आधीच बोलायचं.

संहिता म्हणाल तर गिरणगावातल्या खानावळींवर एक भाग लिहून दिला. अजून ध्वनिमुद्रण व्हायचंय.

पणजीहून

मी दैनिकासाठी आठवड्याचं सदर लिहिते. पाटो इथल्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात बसून लिहायची सवय आहे. 1832 मध्ये पोर्तुगीज अमलात सुरू झालेली ही संस्था, आणि इथे जुनी मराठी नियतकालिकंही बघायला मिळतात. कागद इतका ठिसूळ, की पान उलटताना दोन्ही तळहात खाली धरावे लागतात. या महिन्यात फक्त जाहिराती वाचल्या. छत्र्या, काढे, शिकवण्या, बोटींची वेळापत्रकं. त्यावरून फेरीबोटींवर दोन सदरं झाली. वाचकांनी आपापल्या धक्क्यांच्या आठवणी कळवल्या, त्यातून पुढचं सदरही तयार होतंय.

बंगळुरूहून

थोडक्यात लिहितो. कंपन्यांच्या अ‍ॅपमधला मराठी मजकूर लिहितो, छापून येण्यासारखं काही नसतं. मुंबईच्या दादांनी कराराचं सांगितलं, त्याला जोड म्हणून कराचं सांगतो: व्यावसायिक शुल्कावर 10 टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आधी कापून घेतलेला आयकर, कापतात, आणि वर्षाला एका ग्राहकाकडून येणाऱ्या रकमेची त्यासाठीची मर्यादा 2025-26 पासून 30,000 वरून 50,000 रुपये झाली. कापलेली रक्कम आपल्या नावावर जमा दिसते का, हे दर तीन महिन्यांनी तपासा. मला एका ग्राहकाच्या मागे लागून ती भरायला लावावी लागली. वाचन या महिन्यात झालं नाही, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. मजकुरातही ते दिसलं, शेवटच्या आठवड्यातली वाक्यं एकाच साच्यातली निघाली.

इचलकरंजीहून

मी इतरांसाठी लिहिते: सहस्रचंद्रदर्शनाच्या पुस्तिका, संस्थांच्या स्मरणिका. माझं नाव कुठेच येत नाही, पण काम फार आवडतं. सध्या एका निवृत्त माग कामगाराचं आयुष्य त्यांच्या नातवंडांसाठी लिहून काढतेय. आमच्या गावात पहिला यंत्रमाग 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी आणला, तिथून मी सुरुवात करणार होते. काकांनी ते नको म्हटलं. त्यांना सुरुवात हवी होती रात्रपाळीची: सुताची गुंडाळी संपत आली की आवाज कसा बदलतो, आणि झोपेत असूनही हात कांडी बदलायला कसा जातो. बोलता बोलता त्यांनी टेबलावर उजवा हात तसाच फिरवून दाखवला. ते मी जसंच्या तसं लिहिलं.

वाचन गावातल्या वाचनालयातलं. ग्रंथपाल जुन्या स्मरणिकांचं एक कपाट मला उघडून देतात, एरवी ते बंदच असतं. गिरण्या-कारखान्यांच्या जुन्या स्मरणिकांत मालकांचे फोटो भरपूर आणि कामगार एका सामुदायिक छायाचित्रात, बिननावाचे. म्हणून या पुस्तिकेत काकांच्या पाळीतल्या सगळ्यांची नावं घालायची ठरवलीत. काकांना बहुतेक आठवली, दोघांची राहिलीत. त्यासाठी रविवारी त्यांच्या जुन्या मुकादमांकडे जाणार आहोत. माग कामगारांनी स्वतः सांगितलेलं किंवा लिहिलेलं काही कुणाच्या वाचनात आलं असेल, सोलापूरचं, भिवंडीचं, मालेगावचं, तर जरूर कळवा. मजकूर जानेवारीत छपाईला द्यायचाय.