डबल मेजर म्हणजे दोन पदव्या? आधी क्रेडिट मोजा! (एका ऑनलाइन चर्चेचा धागा, टोपणनावांनी)

हिशेबी:
पालकांच्या ग्रुपवर फिरत आलेली पोस्ट: 'एकाच विषयात पदवी घेणं हा आळस. नव्या शैक्षणिक धोरणात डबल मेजर घ्या, तीन वर्षांत दोन पदव्या खिशात.' खाली अंगठ्यांचा पाऊस.

अहो, डबल मेजरला पदवी एकच मिळते, तिच्यावर मुख्य विषय दोन. दोन स्वतंत्र पदव्या एकाच वेळी करायला यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) एप्रिल २०२२ मध्ये मुभा दिली, तो मामला निराळा. ही गल्लत करून लोकांच्या पोरांना सल्ले कशाला द्यायचे?

आता आकडे. यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांना किमान १२० क्रेडिट (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप). मेजरचे म्हणजे मुख्य विषयाचे ६०, मायनरचे म्हणजे जोडविषयाचे २४, उरलेले ३६ ओई (खुले ऐच्छिक विषय), भाषा, कौशल्य, इंटर्नशिप वगैरेंत जातात. डबल मेजरसाठी दुसऱ्या विषयात ४० टक्के, म्हणजे ४८ लागतात. मायनरचे २४ त्यात धरले तरी आणखी २४ आणायचे कुठून? थिअरीला क्रेडिटमागे १५ तास, म्हणजे ३६० तास. १५ आठवड्यांच्या सहा सत्रांत वाटले तर दर आठवड्याला चार तास जादा. प्रॅक्टिकलचं क्रेडिट असेल तर १५ च्या जागी ३० तास. रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्राच्या लॅब मंगळवारी २ ते ५ अशा एकाच वेळी लागल्या, की हे पोस्टवाले येणार आहेत का एका लॅबला बसायला?

नदीकाठ:
मुद्दाम सगळ्यात अवघड जोडी उचललीत. गणित आणि संख्याशास्त्र घ्या. लॅब जवळपास नाही, कॅल्क्युलस आणि रेषीय बीजगणित दोन्हीकडे कामाला येतं. एसईसी (कौशल्याचे कोर्स), ओई दुसऱ्या विषयाच्या जवळचे निवडले आणि विद्यापीठानं ते त्या विषयात धरले, तर तुमचे २४ बरेच खाली येतात. शिवाय उद्या बीएडला मेथड (शिकवायचा विषय) निवडताना पदवीचे विषय बघतात. तिथे दुसरा विषय पोटापाण्याचा असतो, हौसेचा नाही.

हिशेबी:
'विद्यापीठानं धरले तर' हे वाक्य ठळक करा. सगळी गंमत त्या 'तर' मध्ये आहे.

जिल्हा कॉलेज:
दोघंही शहरातलं बोलताय. आमच्याकडे दुसरा विषय कोण शिकवणार, ते आधी सांगा. जागा रिकाम्या, वर्ग सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर. नेमणूक दरवर्षी नव्यानं, पैसे तासावर, सुट्टीत शून्य. सत्र सुरू होतं, माणूस सहा आठवड्यांनी येतो. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे १५ आठवड्यांत ६० तास. त्यातले २४ तो येण्याआधीच गेले. उरलेल्या ३६ तासांत तो काय करणार? नोट्स वाटणार आणि 'महत्त्वाचे प्रश्न' सांगणार. कागदावर मेजर दोन, शिकवलेलं दीड.

नदीकाठ:
सीएचबीचं दुःख खरं आहे, पण प्रत्येक धाग्यात तेच आणता राव. विषय डबल मेजरचा आहे.

जिल्हा कॉलेज:
विषय तोच आहे! विद्यार्थ्याला कशात रस आहे हे कोणी विचारत नाही, मान्य तुकडी आणि शिक्षक कुठे आहे ते बघून विषय ठरतो. निवडायच्या विषयांना 'बास्केट' म्हणतात, आत भाजी एकच. आणि त्या तासावरच्या माणसानं पेपर तपासायचे, अंतर्गत गुण भरायचे, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायलीही लावायच्या. तुम्हाला हे फाटे वाटतात, कारण तुमच्या कॉलेजात खुर्चीवर माणूस बसलेला असतो.

हिशेबी:
बरोबर बोललात. (माझा धागा गेला, पण असो.)

रविवार क्विझ:
मग दोन पदव्याच घ्या की. दिवसा इंजिनिअरिंग, जोडीला आयआयटी मद्रासचं ऑनलाइन बीएस. तिथे वेळापत्रकाचं भांडणच नाही.

हिशेबी:
भांडण आहे, फक्त ते रविवारी होतं. बीएसचे एकूण १४२ क्रेडिट: फाउंडेशन ३२, दोन डिप्लोमांचे ५४, मग बीएससी पातळीचे २८ आणि बीएस पातळीचे पुन्हा २८. वर्षाला तीन टर्म, दर आठवड्याला असाइनमेंटची मुदत, क्विझ आणि एंड-टर्म परीक्षा रविवारी केंद्रावर जाऊन. कॉलेजची इनसेम (सत्रामधली परीक्षा) आणि क्विझ एकाच आठवड्यात आली की आधी असाइनमेंट सुटते, मग सरासरी घसरते. झेपत नसेल तर टर्मला चारऐवजी दोनच कोर्स घ्या. मधे डिप्लोमावर बाहेर पडता येतं, हे त्यातलं शहाणपण. एटीकेटी डोक्यावर असताना नवे कोर्स घेऊ नका.

रविवार क्विझ:
आभारी आहे. आम्हाला वाटलं होतं, फक्त नाही म्हणायलाच बसला आहात.

नदीकाठ:
दोन्ही पदव्या वर्गात बसून करायच्या असतील तर तासांच्या वेळा आदळता कामा नयेत, ही यूजीसीची अट. हजेरी दोन्हीकडे लागणार. शिवाय दोन्ही ऑफिसं मूळ दाखला मागतात, तो असतो एकच. एक पदवी दूरशिक्षणातून केली तर हजेरीचं भांडण मिटतं, पण ती संस्था मान्यताप्राप्त हवी आणि परीक्षांच्या तारखा तरीही तपासा. इग्नूची (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची) सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरात, आपल्या विद्यापीठांचं हिवाळी सत्रही तेव्हाच रेंगाळतं.

हिशेबी:
चला, इथे तरी एकमत. गणित-संख्याशास्त्राची जोडीही मान्य, नाइलाजानं. पण अर्ज भरण्याआधी दोन्ही विभागांकडून तिसऱ्या सत्राचं छापील वेळापत्रक मागा आणि एकावर एक ठेवून बघा. पहिल्या सत्रात सगळंच बसतं, खरी टक्कर तिसऱ्यात सुरू होते.

जिल्हा कॉलेज:
छापील वेळापत्रक? आमच्याकडे ते फळ्यावर खडूनं लिहितात, सोमवारी.