मदत हवी आहे : तिसरा गिअर पडताना बसणारा धक्का ट्यूनिंगने जाईल का?

माझी डिझेल गाडी ६ गिअरांची, टॉर्क कन्व्हर्टर असलेली ऑटोमॅटिक असून तिचे ९२ हजार किलोमीटर झाले आहेत. सकाळी कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून निघताना सारे सुरळीत असते. मात्र पन्हाळ्याचा चढ लागून गिअरबॉक्सचे तेल तापले, की दुसऱ्यावरून तिसरा गिअर पडताना इंजिनाचा आरपीएम २०० ते ३०० ने उसळतो आणि मग मागून कोणी ढकलावे तसा धक्का बसतो. स्कॅनरवर दोषाचा एकही कोड दिसत नाही.

एका गॅरेजने गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटचे ट्यूनिंग (सॉफ्टवेअरमध्ये फेरबदल) करून लाइन प्रेशर, म्हणजे गिअरबॉक्समधल्या तेलाचा दाब, वाढवण्याचा आणि वरचे गिअर लवकर पाडण्याचा सल्ला दिला आहे. मला तो घाईचा वाटतो, कारण गिअरबॉक्समधला क्लच घसरत असेल किंवा सोलेनॉइड (तेलाचा प्रवाह सांभाळणारी विजेवरची झडप) अडकत असेल, तर वाढवलेले प्रेशर मूळ दोष काही दिवस झाकून ठेवील, इतकेच. तेल अद्याप एकदाही बदललेले नाही (‘आयुष्यभराचे तेल’ या शब्दांवर मीही विसंबलो होतो). काढलेला नमुना तपकिरी असून त्याला किंचित करपट वास आहे.

तेल व फिल्टर बदलून, ठरलेल्या तापमानाला पातळी तपासून आणि अ‍ॅडाप्टेशन (गिअर पाडण्याची कंट्रोल युनिटने शिकून साठवलेली मापे) रीसेट करून आधी पाहावे, की थेट व्हॉल्व्ह बॉडी (गिअरबॉक्समधला तेलाच्या वाटा व झडपांचा भाग) उघडावी? उद्यमनगरात इंजिनाचे काम जाणणारे पुष्कळ आहेत. व्हॉल्व्ह बॉडीवर हात बसलेला कारागीर कोल्हापूर परिसरात कोणाच्या माहितीत असल्यास कृपया कळवावे.