ऑनलाइन व्याख्यानात घुसून जातिवाचक शिवीगाळ : कॉलेजनं काय करावं?

प्रश्न : सोलापुरातल्या एका कॉलेजच्या झूम व्याख्यानात अनोळखी लोक घुसले. जातिवाचक शिव्या, स्क्रीनवर घाणेरडी चित्रं. लिंक व्हॉट्सअॅपवर सगळीकडे फिरली होती. आता पुढं काय?

उत्तर १ : आधी पुरावा. रेकॉर्डिंग, चॅटची फाईल, वेळेसह सहभागींची यादी, तिन्ही मूळ स्वरूपात ठेवा. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केला जातो, तो पुरावा म्हणून लंगडा. आणि मीटिंगचं खातं डिलीट करू नका, घाईत हेच होतं!

उत्तर २ : नुसतं ‘तीव्र निषेध’ पत्रक काढून भागत नाही. शिव्या कुणाला दिल्या ते स्पष्ट असेल, तर १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(१)(आर) आणि (एस) बघा : अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा चारचौघांत अपमान आणि जातीवरून शिवीगाळ. कलम १८-ए मुळं गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी लागत नाही. तपास सहायक पोलीस आयुक्त दर्जाचा अधिकारी करतो, कारण सोलापूर शहराला आयुक्तालय आहे. ज्यांना शिव्या बसल्या, त्यांना आधी फोन करा, पत्रक नंतर.

उत्तर ३ : पुढच्या वेळी वेटिंग रूम (आत घेईपर्यंत लोक थांबतात ती जागा) चालू, स्क्रीन शेअर फक्त होस्टला, म्हणजे मीटिंग चालवणाऱ्याला. काढलेला माणूस परत येणार नाही, ही सेटिंगही तपासा. तरी कुणी घुसलंच, तर ‘सस्पेंड पार्टिसिपंट अॅक्टिव्हिटीज’ दाबा : आवाज, चित्र, चॅट एकदम बंद. एकेकाला हुडकत बसू नका. वक्ता होस्ट नको, त्याला बोलू द्या.