जुना ट्रॅक्टर नीट चालेना, तुमचा अनुभव लिहा

वडलांच्या काळातला चार सिलिंडरचा ट्रॅक्टर हाय आमच्याकडं, मोहोळ तालुका. सकाळी लवकर सुरू होत नाही, झाला की पांढरा धूर सोडतो आणि गरम झाला तरी मिसिंग (एखादा सिलिंडर मारत नाही) राहतंच, उसाची ट्रॉली चढाला लावली की दम सोडतो. फिटर म्हणतो रिंगा लायनर (पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरची आतली नळी) टाका. तोड तोंडावर आलीय. ज्यांनी असलं दुखणं काढलंय त्यांनी काय बिघडलं होतं ते सविस्तर लिहा.

कोरडवाहू, मंगळवेढा
रिंगा लायनरचं नाव आत्ता काढू नका दादा. आमचा तासभर झकास चालायचा, मग आपोआप बंद, थोडा वेळ थांबलं की परत सुरू. फिल्टर बदलले, पंपाकडं बोट दाखवून झालं, शेवटी तात्यांनी टाकीचं झाकण उघडलं तर सुस्स करून हवा आत गेली. झाकणाचं भोक मातीनं बुजलेलं. हवा आत जाईना म्हणून डिझेल खाली येईना. आमच्या काळ्या रानात ज्वारी पेरायच्या टायमाला फुफाटा किती असतो ते माहितीच हाय.

बागवाला, सांगोला
धुराचा रंग बघा आधी. काळा म्हणजे हवा कमी नाहीतर डिझेल जास्त. निळा म्हणजे ऑइल जळतंय, तिथं रिंगांचा संशय घ्यायचा. पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय, गार इंजिनला थोडा चालतो, पण गरम झाल्यावरपण येत असंल तर नोझल (डिझेलचा फवारा मारतं ते), कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) नाहीतर डिझेलात पाणी. आमचा काळा होता, एअर क्लीनरच्या वाटीतलं ऑइल चिखल झालेलं. डिझेलनं धुतलं, नवं ऑइल खुणेपर्यंतच भरलं (वर भरू नका, इंजिन ओढून घेतं), धूर गेला. डाळिंबाला फवारणी करणारा ट्रॅक्टर रोज धुळीत, त्याला हे वरचेवर करावंच लागतं.

पुन्हा मोहोळ
निळा नाही, पांढराच हाय. कुठला सिलिंडर मारत नाही ते घरी कळंल का?

जुना ड्रायव्हर, अकलूज
कळतंय की. इंजिन मंद ठेवायचं आणि नोझलवरच्या बारीक नळीचा नट एकेक करून जरा सैल करायचा. आवाज पडला तर तो सिलिंडर काम करत होता, आवाजात काहीच फरक नाही पडला तर दुखणं तिथंच. नळीजवळ हात, तोंड न्यायचं नाही, डिझेल लई जोरात उडतं, कातडीत घुसतं. मग त्या जागचं नोझल दुसऱ्या जागी घालून बघायचं, दुखणं नोझलबरोबर गेलं तर नोझल टेस्टिंगला द्या, जागीच राहिलं तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि कॉम्प्रेशन बघा. नोझल काढलं की खालचा तांब्याचा वायसर नवा टाका, लोक तेवढ्यात काटकसर करतात आणि मग गॅस लीक होतो.

बार्शीकर
आमचं उलटंच, धूर बिर काही नाही पण टाकी अर्ध्याखाली आली की झटके. फिल्टरची हवा काढली की घटकाभर बरा. टाकीकडनं येणाऱ्या रबरी नळीला बारीक चीर होती, तिथनं डिझेल गळत नव्हतं पण हवा ओढत होती. त्यामुळं कुणाच्या नजरंत येईना. नळी बदलली, क्लिपा घट्ट केल्या, मग फिल्टरवरच्या स्क्रूतनं बुडबुडे जाईपर्यंत हातपंप मारला.

अक्कलकोट रोड
एक राहिलं, ऑइलची पट्टी काढून वास घ्या. आमच्या अप्पांना वाटलं ऑइल वाढलंय म्हणजे बरंच हाय, इंजिन ऑइल पीत नाही. प्रत्यक्षात फीड पंपाचा (टाकीतनं डिझेल ओढतो तो) पडदा फाटून डिझेल खाली ऑइलच्या चेंबरमध्ये जात होतं. तसं पातळ ऑइल घेऊन ट्रॉली ओढली असती तर बेअरिंगं गेली असती. आणि ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, मग गॅस्केट नाहीतर लायनरचे रबर, तेव्हा मात्र फिटरचं ऐकायचं, इंजिन चालूच करायचं नाही.