गरब्याच्या ऑर्केस्ट्रात वाजवायला वीस हजारांची इलेक्ट्रिक गिटार पुरेल, की लाखाची ब्रँडेडच लागते? मदत हवी आहे (बडोदा)

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या बहिणीला यंदाच्या नवरात्रात इथल्या एका गरबा ऑर्केस्ट्राने ऱ्हिदम गिटारला बोलावलंय. बडोद्याबाहेरच्यांसाठी सांगतो, इथे उघड्या मैदानावर हजारो माणसं गोल धरून खेळतात आणि स्टेजवर ऑर्केस्ट्रा जवळजवळ न थांबता वाजवत असतो, एक गरबा संपतोय तोवर दुसरा सुरू, मधे गिटार परत सुरात लावायला वेळच नाही. तिचं हे पहिलं मोठं काम आहे आणि घरात सगळेच खूश आहेत.

तिची आत्ताची गिटार शिकायला म्हणून घेतलेली, अगदी स्वस्तातली. खुंट्या सैल झाल्यात, फ्रेटची (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं बोटाला टोचतात, वायर जरा हलली की आवाज गायब. ती बदलायचीच आहे. पण ऑर्केस्ट्रातले एक सीनियर काका तिला म्हणाले की घ्यायची तर फेंडर नाहीतर गिब्सन घे, बाकी सगळी खेळणी. तेव्हापासून बाबांनी लोन काढायचं मनावर घेतलंय आणि मला ते लोन अजिबात नकोय, कारण पुढच्या वर्षी तिच्या कॉलेजचा खर्च येणार आहे. मी स्वतः तबला वाजवतो, गिटार वाजवत नाही, म्हणून जे वाचलं आणि पाहिलं ते इथे मांडतो, चुकत असेन तर सांगा.

पहिली गोष्ट म्हणजे ज्याला आपण ब्रँडेड म्हणतो तेही एका भावाचं नसतं. फेंडरची स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) १९५४ साली आली, आज तीच गिटार अमेरिकेत कॅलिफोर्नियात बनते तशी मेक्सिकोतही बनते, आणि त्याच कंपनीचा स्क्वायर नावाचा स्वस्त ब्रँड १९८२ पासून आहे. गिब्सनचं तसंच एपिफोन. कॉर्ट ही मूळ कोरियन कंपनी, ती इंडोनेशियातल्या कारखान्यात दुसऱ्या नावाजलेल्या ब्रँडसाठीही गिटार बनवते. पूर्वी मान आणि बॉडी हाताने कापताना जो फरक राहायचा तो आता कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनमुळे खूप कमी झालाय, म्हणून स्वस्त गिटारचं लाकूडकामही बऱ्यापैकी नेमकं येतं. यामाहाच्या पॅसिफिका ११२ या मॉडेलची बॉडी अल्डर नावाच्या लाकडाची असते, आणि फेंडरच्या महागड्या स्ट्रॅटमध्येही अल्डरच वापरतात. मग किमतीत चौपट-पाचपट फरक कशाचा?

मला वाटतं तो फरक लहान लहान भागांत आणि हाताने केलेल्या शेवटच्या कामात आहे. फ्रेट सारखे घासलेत का, टोकं गोल केलीत का, नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा बरोबर खोलीच्या आहेत का, खुंट्या, स्विच, पोटेन्शिओमीटर (आवाज कमी-जास्त करायची बटणं), जॅक कसले लावलेत, पिकअप (तारांचं कंपन टिपणारे चुंबक-कॉइल) कसे आहेत. यातलं बरंचसं नंतर चांगल्या कारागिराकडून करून घेता येतं. आणि इलेक्ट्रिक गिटारचा आवाज शेवटी ॲम्प आणि स्पीकरमधूनच येतो ना. आम्ही दुकानात गेलो होतो तेव्हा तिने एकाच ॲम्पवर, एकाच सेटिंगवर स्वस्त आणि महागडी दोन्ही वाजवल्या, मी पाठ करून ऐकत होतो, फरक होता, महागडीचा आवाज जास्त मोकळा होता, पण ढोल, कीबोर्ड आणि दोन गायकांच्या मागे मैदानात तो कुणाला कळेल असं मला तरी वाटत नाही. हातात घेतल्यावर मात्र तिला फरक लगेच जाणवला, म्हणाली मानेच्या कडा एकदम गुळगुळीत आहेत.

आणि इतिहास बघितला तर क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या ब्रायन मेने त्याची गिटार १९६३ पासून वडिलांबरोबर घरीच बनवली, मानेला जुन्या फायरप्लेसचं लाकूड वापरून, आणि आजवर मुख्यतः तीच वाजवत आलाय. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनची ती प्रसिद्ध गिटारही सुट्या भागांतून जोडलेली होती. काकांना हे सांगितलं तर म्हणाले ते लोक वेगळे. मान्य, पण माझी बहीणही रियाजाला कमी पडत नाही.

तर बजेट गिटारला १८ ते २२ हजार आणि वर सेटअपला (कारागिराकडून नीट जुळवून घ्यायला) थोडे, एवढं हातात आहे. ज्यांनी दोन्ही प्रकारच्या गिटारी स्टेजवर तासन् तास वाजवल्यात त्यांनी कृपया सांगा, ही खरंच टिकेल का?

प्रतिसाद

दादा, मी गुजरातमध्येच ऑर्केस्ट्रात वाजवतो, लोन काढू नका. पण तुमचा एक मुद्दा राहिला, तो म्हणजे गुणगुण. मैदानावर जनरेटर, लाइटचे डिमर, लांब लांब वायरी असतात, सिंगल कॉइल (एकाच कॉइलच्या) पिकअपमध्ये ५० हर्ट्झची घुं सतत येते आणि दोन गरब्यांच्या मधे ती स्पष्ट ऐकू येते. ही घुं लाखाच्या स्ट्रॅटमध्येही येते, किमतीचा संबंध नाही. म्हणून ब्रिजला (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाजवळ) हमबकर, म्हणजे घुं मारणारा दोन कॉइलचा पिकअप, असलेलीच घ्या. आतल्या पोकळीत तांब्याची टेप लावून ती अर्थला जोडली तर अजून कमी होते, खर्चही फार नाही.

दुकानात एवढं नक्की करा. मानेच्या कडेवरून बोट फिरवा, फ्रेट टोचता कामा नये. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून) वाजवा आणि मग तीच नोट दाबून वाजवा, दोन्ही एकच सूर यायला हवेत, थोडा फरक ब्रिजवरून काढता येतो. वरच्या फ्रेटवर तार ओढून बघा, सूर मधेच मरत असेल तर फ्रेट वरखाली आहेत, ती गिटार सोडा, त्याच मॉडेलची दुसरी मागा. स्वस्त गिटारमध्ये एकाच मॉडेलच्या दोन नगांत खूप फरक असतो, त्यामुळे ऑनलाइन मागवू नका, बहिणीला घेऊन जा आणि जी वाजवली तीच घरी आणा.

ट्रेमोलो (दांडीने सूर हलवता येणारा ब्रिज) असेल तर मागच्या स्प्रिंग आवळून ब्रिज बॉडीला टेकवून टाका. गरब्यात त्याचं काही काम नाही आणि ट्यूनिंग कितीतरी स्थिर राहतं.

प्रतिसाद

मी काकांच्या बाजूने थोडं बोलतो. महाग गिटार उगाच महाग नसते. रोज चार तास असं नऊ दिवस वाजवलं की गोल केलेल्या कडांची मान हाताला खूप सुख देते, फ्रेट जास्त टिकतात, विकायला काढली तर किंमत बऱ्यापैकी येते, स्वस्त गिटारची तशी येत नाही. पण पहिल्याच सीझनला लोन मी पण काढलं नसतं. मधला मार्ग म्हणजे मेक्सिकोत बनलेली सेकंडहँड फेंडर शोधा, फक्त फ्रेट किती झिजलेत आणि ट्रस रॉड (मानेचा बाक सरळ करायची आतली सळई) फिरतोय का हे जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि ताईंना सांगा, तारा नवरात्राच्या मधे एकदा बदला. घामाने चार-पाच रात्रींत त्या मरतात आणि मग दोष गिटारला जातो. नव्या तारा हाताने चांगल्या ताणून घ्या, नाहीतर पहिल्या रात्री सारख्या उतरतील.

धागाकर्ता

दोघांचेही खूप आभार. बहिणीला सगळं वाचून दाखवलं, घुं आणि हमबकरचा मुद्दा तिला एकदम पटला, कारण तालमीतही तोच त्रास होत होता. आता असं ठरतंय की हमबकरवाली पॅसिफिका किंवा स्क्वायर दुकानात जाऊन निवडायची आणि उरलेल्या पैशांतून फ्रेट, नट आणि टेपचं काम करून घ्यायचं. बाबाही थोडे नरमलेत. सेकंडहँडचाही शोध घेतोय, पण नवरात्र जवळ आलंय.

एवढंच विचारायचं राहिलं, बडोद्यात फ्रेट लेव्हलिंग (सगळे फ्रेट एका पातळीत घासणं) नीट करणारा कारागीर आहे का, की अहमदाबादला पाठवावी लागेल? आणि हे काम नवी गिटार घेतल्याबरोबर करावं का आपल्याकडच्या पावसाळी हवेत ती काही आठवडे बसू द्यावी? आत्ता इथे हवा इतकी दमट आहे की तबल्याची पुडीही उतरतेय, म्हणून मानेची काळजी वाटते.