‘लोकमान्य’ इंजिनामागे एलएचबी डबे: प्रतिकृतीत हे चालावे का?

बोरघाट (धागाकर्ता):
एका शाळेत भरलेल्या रेल्वे प्रतिकृतींच्या प्रदर्शनात परवा १:८७ प्रमाणातील एक अतिशय देखणे डब्ल्यूसीएम-५ वर्गाचे विजेचे इंजिन धावताना पाहिले. चित्तरंजनच्या कारखान्यात १९६१ साली तयार झालेले, ‘लोकमान्य’ हे नाव मिरवणारे इंजिन या वर्गातले पहिले. मात्र त्याच्यामागे राजधानीचे लाल-करडे एलएचबी (जर्मन बनावटीच्या आराखड्याचे) डबे जोडलेले होते. शेजारी उभ्या असलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाने वडिलांना विचारले, “हे इंजिन दिल्लीपर्यंत जायचं का?” आणि वडिलांनी मोठ्या खात्रीने “हो” म्हणून सांगितले.

हे इंजिन केवळ १५०० व्होल्ट डीसीवर चालणारे होते, आणि तो प्रवाह मुंबईहून पुणे, इगतपुरी आणि विरार एवढ्याच मार्गांवर होता. त्यापलीकडे २५ हजार व्होल्ट एसीच्या तारेखाली त्याचा काहीही उपयोग नव्हता. एलएचबी डबे तर आपल्याकडे आले २००० सालानंतर. म्हणजे ही जोडी काळाच्याही बाहेरची आणि तारेच्याही बाहेरची. घरी कोणी काय चालवावे याबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण आपल्याकडे जुनी इंजिने भंगारात गेली, फोटोही मोजकेच उरले, तेव्हा अनेकांच्या दृष्टीने प्रतिकृती हीच त्या काळाची नोंद असते. चारचौघांत मांडताना ती चुकीची असू नये, असे मला मनापासून वाटते.

पळसदरी:
ते इंजिन माझे आहे, म्हणून उत्तर देणे माझे काम आहे. स्टायरीन प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून ते घडवायला मला दोन वर्षे लागली. छपरावरच्या पँटोग्राफच्या (तारेतून वीज घेणाऱ्या सांगाड्याच्या) दांड्या गिटारच्या तारेच्या आहेत आणि त्या चार वेळा तोडून पुन्हा डाखल्या आहेत. त्या काळातला डब्यांचा रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांचा संच, माझ्याकडे नाही. लाल डबे होते, त्या गडद लाल रंगापुढे इंजिन उठून दिसले, म्हणून जोडले.

आता अचूकतेविषयी. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. १:८७ ने भागले की रुळांतले अंतर १९.३ मिलिमीटर येते. आपण सारे गाड्या चालवतो त्या १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर, जे युरोपातल्या स्टँडर्ड गेजचे माप आहे. म्हणजे तुमची आणि माझी प्रत्येक गाडी पहिल्या इंचापासूनच चुकीच्या गेजवर उभी आहे. सतरा आयसीएफ (एलएचबीआधीच्या जुन्या प्रकारच्या) डब्यांची डेक्कन क्वीन या प्रमाणात सव्वाचार मीटरहून लांब होते, म्हणून आपण पाच-सहा डब्यांवर भागवतो. ४३८ मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर एलएचबी डब्याचे पोट आठेक मिलिमीटर आत येते आणि फलाटाच्या कडेला घासते, म्हणून मी माझा फलाट कानशीने तासला आहे; खऱ्या रेल्वेत असा फलाट कोणी तासत नाही. एवढ्या तडजोडी मुकाट्याने पोटात घालायच्या आणि रंग जुळला नाही म्हणून मात्र बोट दाखवायचे, हे मला पटत नाही.

बोरघाट:
इंजिन आपले आहे हे ठाऊक असते तर आधी कारागिरीचे कौतुक केले असते. ते आता करतो, आणि उपचार म्हणून नव्हे. पण गेजची तडजोड आणि जोडीची चूक एका पंगतीला बसत नाहीत. रुळांतला पावणेतीन मिलिमीटरांचा फरक पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही आणि त्यातून कोणाच्या मनात चुकीचा इतिहास उतरत नाही. डबे कमी केले तरी गाडी ती गाडीच राहते. जर्मन कंपन्यांनी तर २६.४ मीटरचे डबे वळणावर बसावेत म्हणून वर्षानुवर्षे लांबीला आखूड करून विकले. पण त्याच युरोपातल्या हौशी मंडळींनी काळाचे ‘एपोक’ (कालखंड) ठरवून घेतले आणि खोक्यावर ते छापले जाऊ लागले. माप वाकवले, काळ वाकवला नाही. आपल्याकडे अशी खूण नाही, म्हणून जबाबदारी मांडणाऱ्यावर येते.

कॅरेज_वॅगन:
डब्यांच्या दुरुस्तीत माझे आयुष्य गेले, म्हणून दोघांनाही थोडे सांगतो. तुम्ही रंगावर भांडता आहात, पण खरी रेल्वे इंजिन आणि डब्यांची जोडी ब्रेक आणि कपलिंगवर (डबे एकमेकांना जोडणाऱ्या सांध्यावर) ठरवते. त्या काळच्या गाड्या व्हॅक्यूम ब्रेकच्या, म्हणजे निर्वातावर चालणाऱ्या; एअर ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतो. डेक्कन क्वीनला एअर ब्रेकचा रेक मिळाला तो १९९५ मध्ये. केवळ व्हॅक्यूमचे इंजिन एअर ब्रेकच्या रेकला लावले, तर चालकाच्या हातात डब्यांचे ब्रेकच नाहीत, आणि अशी गाडी कोणी फलाटावरून सोडणार नाही. शिवाय एलएचबी डब्याला बाजूचे बफर (धक्का झेलणारे दट्टे) नसतात, मध्ये एकच सीबीसी कपलर (मधोमध बसणारा जोड) असतो. प्रदर्शनातले फोटो मी मोठे करून पाहिले: इंजिनाचे दोन बफर समोर काहीच नसताना हवेत उभे आहेत. माझी नजर आधी तिथे गेली, रंगाकडे नंतर.

पण बोरघाट यांनाही सांगतो, रेल्वे तुमच्याइतकी सोवळी नाही. ठरलेले इंजिन फेल झाले की शेडमध्ये जे उभे असेल ते लागते. मालगाडीचे इंजिन एक्सप्रेस ओढताना मी कितीदा पाहिले आहे. आणि ‘फेअरी क्वीन’ हे १८५५ चे वाफेचे इंजिन १९९७ पासून दिल्ली–अलवर मार्गावर पर्यटकांसाठी धावले, ते वातानुकूलित डबा घेऊन. त्या दोघांच्या वयात शतकाहून अधिक अंतर होते.

पळसदरी:
बफरची चूक मान्य, ती मला दिसायला हवी होती. पण फेअरी क्वीनचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे: लोकांना आवडेल म्हणून रेल्वेने स्वतः काळ ओलांडला.

बोरघाट:
ओलांडला, आणि ती गाडी प्रत्यक्ष धावली. म्हणून फेअरी क्वीनमागे कोणी वातानुकूलित डबा लावला, तर मी टाळ्याच वाजवीन. माझा आग्रह देखणेपणाच्या विरुद्ध नाही. जे घडले ते विचित्र असले तरी दाखवा, एवढाच आहे.

निळीराणी:
मी या हौसेत नवी आहे आणि माझे मत पळसदरी यांच्याकडे झुकते. डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली तेव्हा तिचे सात-सात डब्यांचे दोन रेक होते, एक रुपेरी आणि लाल पट्ट्यांचा, दुसरा गडद निळा आणि सोनेरी रेघांचा. माझ्या आजीने निळी-पांढरी डेक्कन क्वीन पाहिली, मी २०२२ पासूनची हिरवी-लाल एलएचबी गाडी पाहते. रुपेरी गाडी आमच्या घरात कोणीच पाहिलेली नाही. मला ती माझ्या रोजच्या डब्ल्यूएपी-७ इंजिनामागे पाहायची आहे. ती कधीच तशी धावली नाही हे मला पक्के ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनच मी ती रंगवते आहे. सध्या तिसऱ्या डब्यावर आहे. रुपेरी रंगाखाली काळा प्रायमर दिला की लाल पट्टी अधिक खुलते, हे पहिले दोन डबे बिघडवून कळले.

बोरघाट:
ठाऊक असून केलेली निवड आणि न कळत झालेली चूक यांत मी फरक करतो, म्हणून आपल्या गाडीला माझी हरकत नाही. फक्त ती चारचौघांत मांडाल तेव्हा शेजारी एक पुठ्ठा ठेवा: डबे १९३० चे, इंजिन आजचे, जोडी माझ्या मनातली.

पळसदरी:
पुठ्ठा मी ठेवणार नाही. चित्रकार चित्राखाली ‘हे झाड इथे नव्हते’ असे लिहीत नाही. पण त्या मुलाच्या प्रश्नाने मला दोन दिवस झोप लागली नाही, हेही खरे. पुढच्या वेळी मी गाडीपाशी स्वतः उभा राहीन आणि कोणी विचारले तर नीट सांगेन, की हे इंजिन तार बदलली की थांबायचे.

कॅरेज_वॅगन:
आणि तोवर कपलिंग बदला. लोकमान्यला शोभतील असे विटकरी रंगाचे, बाजूला बफर असलेले चार आयसीएफ डबे माझ्याकडे पडून आहेत. छपरे उडाली आहेत, पण बोगी (डब्याखालचे चाकांचे सांगाडे) सुस्थितीत आहेत. हवे असतील तर घेऊन जा.